विषाणू आणि पेशी : एका तंबाखूच्या पानाचा इतिहास



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही गिरण्यांच्या संपाबद्दल किंवा कामगार कायद्याबद्दल बोलावे. आम्ही विषय दिला तो विषाणूचा. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि संघटनेच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी फार, असे झालेले आहे. तेव्हा हा विषय आम्ही का घेतला हे आधी सांगणे रास्त होईल.

कारणे दोन आहेत. पहिले असे की, विषाणू प्रथम ओळखला गेला तो माणसाच्या देहात नव्हे, तंबाखूच्या पानात. ज्या घरांत पुरुष मागावर आणि बाया विडीवर बसतात अशा घरांत आमचे आयुष्य गेले. ज्या पानाची भुकटी सुपात घेऊन आमच्या भगिनी दिवसभर बसतात, त्याच पानाने जगाला एवढी मोठी गोष्ट शिकवली, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. २०२० सालापासून 'विषाणू' हा शब्द घरोघर पोचला. पण शब्द पोचला, अर्थ पोचला नाही. विषाणू आणि जीवाणू हे एकाच जातीचे लहानमोठे भाऊ, असे बहुतेक लोक धरून चालतात. मग साध्या सर्दीला प्रतिजैविकाच्या गोळ्या मागायच्या, हजेरीचे पैसे त्यात घालवायचे आणि वर शरीराचे नुकसान करून घ्यायचे, असे चालते. हा गोंधळ नुसत्या नावांचा नाही, रचनेच्या अज्ञानाचा आहे. आणि तो आपणच करतो असेही नाही. विषाणू म्हणजे पेशी नव्हे, एवढे निश्चित सांगायला शास्त्राला सुमारे सत्तर वर्षे लागली. त्या सत्तर वर्षांचा हा इतिहास.

प्रथम पेशीकडे पाहू. १६६५ साली रॉबर्ट हूक ह्या इंग्रजाने बुचाच्या पातळ कापात लहान लहान खोल्या पाहिल्या आणि त्यांना जे नाव दिले त्याचेच आपण 'पेशी' असे केले. १८३८-३९ साली श्लायडेन आणि श्वान ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी सांगितले की, वनस्पती काय आणि प्राणी काय, सारे पेशींचेच बनलेले असतात. १८५५ साली फिर्शोने त्याला जोड दिली की, प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच निघते. पुढे पाश्चर आणि कॉख ह्यांनी रोगांचे जीवाणू दाखवले. जीवाणू म्हणजे एकाच पेशीचा स्वतंत्र संसार. तेव्हापासून असा दंडक पडला की, संसर्गाचा रोग असेल तर त्यामागे जीवाणू असलाच पाहिजे. तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसला पाहिजे, मांसाच्या रसात वाढवता आला पाहिजे, आणि बारीक गाळणीत अडकला पाहिजे. ह्या तीन कसोट्या ध्यानात ठेवाव्यात, कारण पुढचा सारा इतिहास त्या तिन्ही मोडण्याचा आहे.

हॉलंडमध्ये वाखेनिंगेन येथे शेतीसंशोधनाचे केंद्र होते. तंबाखूच्या पिकावर रोग पडून पानांवर फिकट-गडद हिरव्या ठिगळांची नक्षी उठत होती, पाने आखडत होती, शेतकरी हवालदिल झाले होते. त्या केंद्राचा प्रमुख आडोल्फ मायर ह्याने रोगट पानांचा रस काढून निरोगी झाडांच्या शिरांत सोडला. दहापैकी नऊ झाडे आजारी पडली. १८८६ साली त्याने हे प्रसिद्ध केले आणि रोगाला 'मोझेइक' असे नाव दिले. जीवाणू मात्र त्याला दिसला नाही, रसात काही वाढलेही नाही. त्याने मानले की, जीवाणू आहेच, आपल्याला सापडला नाही इतकेच. पहिल्या दोन कसोट्या येथे मोडल्या. पण दंडकच इतका प्रबळ की, पुरावा बाजूला पडला आणि दंडक कायम राहिला.

मधल्या काळात, १८८४ साली, पाश्चरचा सहकारी शांबरलां ह्याने चिनीमातीची अशी गाळणी केली की तिच्यातून कोणताही ज्ञात जीवाणू पलीकडे जाईना. १८९२ साली द्मित्री इवानोव्हस्की ह्या रशियन तरुणाने तंबाखूचा रोगट रस ह्या गाळणीतून गाळला. गाळलेला स्वच्छ रसही निरोगी पानांना रोग लावी. तिसरी कसोटी मोडली. परंतु इवानोव्हस्कीनेही अर्थ जुनाच लावला : एक तर गाळणीला भेग असावी, किंवा जीवाणूने सोडलेले विष गाळणीतून उतरले असावे.

सहा वर्षांनी, १८९८ साली, डेल्फ्ट येथे मार्टिनस बायेरिंक ह्याने तोच प्रयोग केला. ह्याच्या वडिलांचा तंबाखूचा व्यापार होता आणि तो बुडाला होता. त्या पानाचे घराण्याशी जुने देणे होते म्हणायचे. बायेरिंकने दोन प्रश्न विचारले. हे विष असेल तर एका झाडातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेताना पातळ होत संपून जायला हवे. ते संपत नव्हते. उलट प्रत्येक झाडात पुन्हा भरपूर होत होते. म्हणजे ते वाढत होते. आणि ते कणरूप जीवाणू असतील तर घट्ट जेलीत शिरणार नाहीत. त्याने रस जेलीच्या थरावर ठेवला. काही दिवसांनी जेलीच्या आतल्या भागातही रोग लावण्याची शक्ती उतरलेली आढळली. शिवाय हे द्रव्य वाढे ते फक्त जिवंत, वाढत्या पेशींच्या आत. बाहेर कधीच नाही. त्याने निष्कर्ष काढला की, हा एक जिवंत संसर्गकारी द्रव आहे, आणि त्यासाठी विष ह्या अर्थाचा जुना लॅटिन शब्द वापरला, व्हायरस.

तो द्रव आहे हे त्याचे म्हणणे पुढे खोटे ठरले. परंतु हा पेशीविना असलेला, पेशीच्या आतच वाढणारा निराळाच प्रकार आहे, हे म्हणणे टिकले. इवानोव्हस्कीने गाळणी आधी वापरली हे कळताच बायेरिंकने तो मान त्याला दिला. आम्ही चळवळीतली माणसे ह्या प्रसंगाकडे थोडे थांबून पाहतो. प्रयोग एकच, दोघांच्या हातात पुरावाही जवळजवळ एकच. एकाने पुरावा जुन्या नियमात बसवला, दुसऱ्याने नियमालाच प्रश्न विचारला. त्याच वर्षी जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश ह्यांनी जनावरांच्या लाळ्या-खुरकुताचे कारणही असेच गाळणीतून उतरते हे दाखवले. पुढे पीतज्वर, पोलिओ ह्यांची भर पडत गेली. पण हे आहे तरी काय, ह्याचे उत्तर सदतीस वर्षे मिळाले नाही.

१९३५ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे वेंडेल स्टॅन्ले ह्या रसायनशास्त्रज्ञाने सुमारे टनभर रोगट पाने घेतली. ती पिळून, शुद्ध करून, शेवटी त्याच्या हाती आली थोडी पांढरी पूड, सुईसारख्या स्फटिकांची. मीठ किंवा साखर बरणीत ठेवावी तशी ती ठेवता येई. पाण्यात विरघळवून पानाला लावली की रोग पुन्हा उठे. जिवंत वस्तूचे स्फटिक होतात, ही कल्पनाच त्या काळच्या विद्वानांना धक्का देणारी होती. गाय बरणीत भरून ठेवता येत नाही, जीवाणूही असा स्फटिक करून ठेवता येत नाही. स्टॅन्लेने जाहीर केले की, हे केवळ प्रथिन आहे. १९४६ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

परंतु त्याच्या निष्कर्षात एक उणीव होती. १९३६ साली इंग्लंडमध्ये बॉडन आणि पिरी ह्यांनी दाखवून दिले की, ह्या पदार्थात फॉस्फरस आहे, आणि तो न्यूक्लीक आम्लाचा आहे. ह्या आम्लाचे प्रमाण शंभरात पाच-सहाच. राहिलेले पंचाण्णव प्रथिन. त्या वेळी बहुतेकांना वाटले की, खरे काम पंचाण्णवचेच असणार. पुढे उलटे निघाले.

१९३९ साली जर्मनीत कौशे, फांकुख आणि रुस्का ह्यांनी नव्याने निघालेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू प्रत्यक्ष पाहिला. तो सरळ काडीसारखा दिसला. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन, आणि मायक्रॉनचा हजारावा भाग म्हणजे नॅनोमीटर. ही काडी ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड आहे. एकापुढे एक ठेवल्या तर मिलिमीटरभर जागेत तीन हजारांवर काड्या मावतील. आपल्या आतड्यातला नेहमीचा जीवाणू सुमारे दोन मायक्रॉन लांब, म्हणजे हिच्या सहासात पट.

ह्या काडीची आतली रचना उलगडण्यात रोझालिंड फ्रँकलिन ह्या बाईंचा वाटा मोठा आहे. १९५३ साली त्या लंडनच्या बर्कबेक कॉलेजात बर्नालच्या प्रयोगशाळेत आल्या. हे कॉलेज १८२३ साली कारागिरांच्या शिक्षणासाठी निघालेली संस्था. दिवसा काम करणाऱ्यांनी संध्याकाळी येऊन शिकावे ही तिची परंपरा. आमच्यासारख्याला ह्या गोष्टीचे अगत्य वाटले तर आपण ते समजून घ्याल. फ्रँकलिनबाईंनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले की, काडी आतून पोकळ आहे. प्रथिनाचे सारखे तुकडे गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे रचलेले आहेत. आणि न्यूक्लीक आम्लाचा धागा पोकळीत मोकळा लोंबत नसून त्या पायऱ्यांच्या मध्येच गुंफलेला आहे. ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी ह्याची मोठी प्रतिकृती तयार केली; तिच्यात सायकलच्या हँडलच्या मुठी वापरल्या होत्या. प्रदर्शन १७ एप्रिल १९५८ रोजी उघडले. आदल्याच दिवशी, वयाच्या ३७ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते. त्यांचे सहकारी आरन क्लुग ह्यांना १९८२ साली नोबेल मिळाले.

आता ह्या रचनेचे गणित पाहू, कारण विषाणूचे मर्म त्यात आहे. काडीत प्रथिनाचे सुमारे २,१३० तुकडे असतात, सगळे एका मापाचे. तीन वेढ्यांत ४९ तुकडे बसतात. प्रत्येक तुकडा १५८ अमिनो आम्लांच्या साखळीचा. म्हणजे सगळ्या आवरणात मिळून तीन लाख छत्तीस हजारांवर अमिनो आम्ले झाली. आतला धागा मात्र सुमारे ६,४०० अक्षरांचा. तीन अक्षरे वाचून एक अमिनो आम्ल जोडले जाते. म्हणून सबंध धागा वाचला तरी दोन हजारांवर थोड्याच अमिनो आम्लांचा मजकूर निघेल. एवढ्या मजकुरात तीन लाखांचे आवरण प्रत्येक तुकडा वेगळा ठेवून वर्णन करणे अशक्य आहे. उपाय एकच : एका लहान तुकड्याचे वर्णन लिहायचे आणि तोच हजारो वेळा घडवून घ्यायचा. हजार विड्यांसाठी हजार नमुने लागत नाहीत, माप एकच पुरते, तसेच हे. १९५६ साली वॉटसन आणि क्रिक ह्यांनी ही गोष्ट सर्व लहान विषाणूंना लावून दाखवली. १९६२ साली कॅस्पर आणि क्लुग ह्यांनी पोलिओसारख्या गोल दिसणाऱ्या विषाणूंची रचना वीस त्रिकोणी बाजूंच्या डब्यासारखी असते, ह्याची उपपत्ती मांडली. काही विषाणूंवर ह्या डब्याबाहेर चरबीचे पातळ वेष्टनही असते. ते विषाणू निघताना ज्या पेशीतून बाहेर पडतो तिच्याच पडद्याचे घेतलेले असते. फ्लूचा विषाणू आणि कोरोना हे असे वेष्टनवाले.

मग काम कोणाचे, पंचाण्णवाचे की पाचाचे? १९५२ साली अमेरिकेत हर्शी आणि मार्था चेस ह्यांनी जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंवर प्रयोग केला. त्यांनी प्रथिन आणि न्यूक्लीक आम्ल ह्यांना किरणोत्सारी खुणा वेगवेगळ्या केल्या. विषाणू जीवाणूला चिकटले, मग साध्या घरगुती मिक्सरने त्यांना झटकून काढले. टरफले बरीचशी बाहेर राहिली, न्यूक्लीक आम्ल आत गेलेले आढळले. १९५५ साली कॅलिफोर्नियात फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स ह्यांनी तंबाखूचा विषाणू सुटा केला, प्रथिन एका भांड्यात आणि धागा दुसऱ्या भांड्यात. आणि दोन्ही एकत्र करताच काड्या आपोआप पुन्हा जुळल्या व रोग लावू लागल्या. पुढच्याच वर्षी जर्मनीत गीरर आणि श्राम ह्यांनी दाखवले की, नुसता धागाही पानाला रोग लावू शकतो. मग एका वाणाचा धागा व दुसऱ्या वाणाचे प्रथिन असे मिश्र विषाणू करून पाहिले. पुढची पिढी निघाली ती धाग्याच्या वाणाची. स्टॅन्लेच्या पुडीतला पाच-सहा टक्क्यांचा भाग हाच खरा विषाणू. बाकीचे त्याचे पाकीट.

आता पेशीशी तुलना करू. आमच्या श्रोत्यांपैकी अनेकांना माग ठाऊक आहे. नक्षीच्या लुगड्याच्या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ चढवतात. जशी भोके तशी नक्षी उतरते. पेशी म्हणजे असा सबंध कारखाना. तिच्यात नक्षीची माळ आहे, म्हणजे डीएनए. प्रथिने विणणारे माग आहेत, त्यांना रायबोसोम म्हणतात. भराभर वाढणाऱ्या एका जीवाणूत ते हजारोंनी असतात. अन्न जाळून शक्ती निर्माण करणारे विजेघर आहे. कच्चा माल आत घेणारी, टाकाऊ बाहेर सोडणारी भिंत आहे. ती वाढते आणि दुभंगते : एकाच्या दोन, दोनाच्या चार.

विषाणूपाशी ह्यातले काय आहे? पुठ्ठ्यांची माळ आहे आणि तिच्यावर पाकीट आहे. माग नाही, विजेघर नाही, कच्चा माल नाही. माळसुद्धा एकाच प्रकारची, डीएनएची किंवा आरएनएची. पेशीत दोन्ही असतात. तो खात नाही, श्वसन करीत नाही, वाढत नाही, दुभंगतही नाही. जीवाणूत शिरल्यावर पहिली काही मिनिटे तो जीवाणू फोडून पाहिला तर आत एकही पुरा विषाणू सापडत नाही, कारण पाकीट सुटलेले असते आणि माळ मागावर चढलेली असते. मग अर्ध्या तासाच्या आत शंभराच्या घरात नवे विषाणू एकदम बाहेर पडतात. पेशी पेशीपासून जन्मते. विषाणू त्याचे सुटे भाग जोडून तयार होतो. फ्रान्समध्ये आंद्रे ल्वॉफ ह्यांनी १९५७ साली हे भेद एकत्र मांडले आणि विषाणू हा लहान जीवाणू नव्हे, स्वतंत्र वर्ग आहे, असा निवाडा दिला.

येथे विषाणूला मालक आणि पेशीला मजूर म्हणून टाळ्या घेण्याचा मोह आम्हाला होऊ शकतो. तो आम्ही आवरतो. मालकाला हेतू असतो, हिशेब असतो. विषाणूला काहीच नसते. पेशीबाहेर तो बरणीतल्या पुडीइतकाच निश्चल असतो. एवढे मात्र खरे की, त्याच्याजवळ हुकूम आहे, हात नाहीत. रोगात जे काही घडते ते सारे काम पेशीच्या हातांनी घडते.

विषाणू लहान आणि जीवाणू मोठा, एवढाच फरक असता तर तो केव्हाच मोडला असता. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड येथे पाणी थंड करण्याच्या मनोऱ्यात अमीबाच्या पोटात सापडलेली एक वस्तू अनेक वर्षे जीवाणू म्हणूनच ठेवलेली होती. २००३ साली सिद्ध झाले की तो विषाणू आहे. त्याची माळ सुमारे बारा लाख अक्षरजोड्यांची, म्हणजे काही लहान जीवाणूंच्या दुपटीची. परंतु त्याच्यापाशीही रायबोसोम नाहीत. अक्षरे कितीही असोत, माग नसेल तर तो कारखाना नव्हे.

ह्या ज्ञानाचा आपल्या घरात उपयोग काय, तेवढे सांगून थांबतो. पेनिसिलीन जीवाणूची भिंत बांधू देत नाही. स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लीन जीवाणूचे माग बंद पाडतात. ज्याला भिंतही नाही आणि मागही नाही, त्यावर ही औषधे काय करणार? सर्दीवर, फ्लूवर, डेंग्यूवर ती घेणे म्हणजे नसलेल्या यंत्रात खिळा ठोकणे. उलट शरीरातल्या जीवाणूंना त्या औषधांची सवय होते, आणि खरी गरज पडेल त्या दिवशी औषध चालत नाही. विषाणूंवर औषधे मुळीच नाहीत असे नव्हे. एड्सच्या विषाणूपाशी स्वतःचे एक अवजार असते. १९७० साली टेमिन आणि बाल्टिमोर ह्यांना अशा विषाणूंत ते सापडले, आणि पुढे त्यालाच अडवणारी औषधे निघाली. ती त्या त्या विषाणूची रचना पाहूनच करावी लागतात. देवीच्या रोगावर तर लशीने मात केली. १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झाले. आणि साबण कोरोनावर चालतो तो स्वच्छतेच्या पुण्याईने नव्हे, तर त्याचे चरबीचे वेष्टन साबणाने विरघळते म्हणून. तंबाखूच्या विषाणूला असे वेष्टन नाही, तो वाळल्या पानातही वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून विडी-सिगारेट हाताळलेल्या हातांनी टोमॅटोच्या रोपांना शिवू नये, असे शेतीतज्ज्ञ सांगतात.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघाले; तीच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने फणफणली, तेव्हा त्या नव्या रोगाचा विषाणू ह्याच केंद्राने शोधला. २०२० साली कोरोनाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले चित्रही पुण्यातूनच प्रसिद्ध झाले.

तेव्हा पुढच्या वेळी घरात कोणी आजारी पडले आणि औषधाची चिठ्ठी हातात आली, तर डॉक्टरांना नम्रपणे एक प्रश्न अवश्य विचारा : हा जीवाणू आहे की विषाणू? तो विचारायला पदवी लागत नाही. तंबाखूच्या पानापासून आजवर जितक्या जणांनी ह्या प्रश्नासाठी कष्ट घेतले, त्यांच्या ज्ञानावर विडी वळणाऱ्या बाईचाही इतर कोणाइतकाच हक्क आहे.